एकशे एक्कावन्नावी

शाळेत मला तापट बाई म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. पहिलीचा वर्ग मी नऊ वर्षं सांभाळतेय. या नऊ वर्षांत माझं डोकं हमखास फिरवणारं वाक्य एकच. मूल आठ-आठ दिवस शाळेत येत नाही, मी विचारायला घरी जाते, आणि आई दारात उभी राहून आरामात सांगते, "पहिलीच तर आहे, बाई." माझ्या अंगाचा तिळपापड होतो. पहिलीच म्हणजे काय? पहिलीत जे हाती लागलं नाही ते पार पाचवीपर्यंत त्या लेकराला छळतं. एका आजोबांना तर मी भर रस्त्यात इतकं सुनावलं होतं, की दुसऱ्या दिवसापासून ते नातीला अर्धा तास आधीच आणून सोडायला लागले.

आमची शाळा जुनी, दुमजली. एके काळी दोन पाळ्यांत सातशे मुलं बसायची म्हणे. मी आले तेव्हा तीनशे होती. आता वरच्या चार खोल्यांना कुलपं आहेत आणि आत मोडके बाक एकावर एक रचून ठेवलेत. आजूबाजूची बैठी घरं पाडून टॉवर उभे राहिले. टॉवरमध्ये राहायला आलेल्यांची मुलं पिवळ्या बसमधून फीवाल्या शाळांत जातात. आमच्याकडे येतात ती टॉवर बांधणाऱ्यांची, आणि टॉवर पुरा झाला की तीही जातात. समोरच्या टॉवरला रंग लागला तेव्हा शेजारीण म्हणाली, काय झकास दिसतोय नाही? मी मात्र आता किती मुलं जाणार ते मोजत होते.

त्याचं कारण गणना. वर्षातून एकदा अधिकारी येतो आणि मुलं मोजतो. हजेरीपटावर नाव हवं आणि मूल त्या दिवशी वर्गात बसलेलं हवं. अशी एकशे एक्कावन्न भरली तर शाळेला सहा शिक्षक, एकशे पन्नास भरली तर पाच. सहावा 'अतिरिक्त' ठरतो आणि जिथे जागा असेल तिथे पाठवला जातो. कोण जायचं तेही ठरलेलं आहे, जो सगळ्यांत शेवटी रुजू झाला तो. माझ्यानंतर इथे कुणाला नेमलंच नाही. त्यामुळे केस पांढरे व्हायला लागले तरी शाळेतली धाकटी सून मीच.

रिकामी जागा एकच होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जायला दीड तास, यायला दीड तास. एरवी मी कुरकुरत गेले असते. पण घरी सासूबाई आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. नवऱ्याची नोकरी फिरतीची, महिन्यातले वीस दिवस तो बाहेर. मधल्या सुट्टीत मी अकरा मिनिटं भरभर चालत घरी जाते, त्यांना भरवते, गोळी देते, कूस बदलते आणि धावत परत येते. सव्वा वाजता गोळी पोटात गेली नाही तर त्यांना झटके येतात. दुसऱ्या टोकाच्या शाळेतून मी हे कसं करणार होते? त्या विचाराने मला रात्र-रात्र झोप लागत नव्हती.

सासूबाईंना बोलताना सात-आठ शब्दच येतात आता. त्यातला एक 'किती?' मी दारातून आत शिरले की त्यांचा पहिला प्रश्न तोच. आयुष्यभर कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसून दिवसाचे किती नग झाले ते मोजलेली बाई. पटाचा आकडा त्यांना माझ्यापेक्षा पक्का ठाऊक असायचा. गणनेच्या आदल्या दिवशीही त्यांनी विचारलं, "किती?"

"एकशे बावन्न," मी म्हणाले. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वर केलं आणि अर्ध्या तोंडाने हसल्या. म्हणजे, एक जास्तच आहे, घाबरू नकोस.

गणनेच्या दिवशी आम्ही दरवर्षी चित्रकलेची स्पर्धा ठेवतो. अभ्यासाला दांडी मारणारं मूलही रंगांसाठी येतं. स्पर्धेच्या कागदावर कोपऱ्यात शाळेचा शिक्का मारायचा, नाहीतर पोरं घरून मोठ्या भावाने काढलेलं चित्र आणतात. त्या दिवशी पावणेनऊला मी कार्यालयात एकटीच शिक्के मारत बसले होते, तेव्हा दारात फरशीवाला उभा राहिला. समोरच्या टॉवरमध्ये फरशी बसवणारा. त्याच्या दोन मुली आमच्याकडे होत्या, मोठी तिसरीत आणि धाकटी माझ्या वर्गात. धाकटीला मी खडू म्हणायची, कारण खडू दिसला की तो तिच्या मुठीत गेलाच म्हणून समजा. घरी त्यांची भाषा वेगळी. जूनमध्ये आली तेव्हा ती तोंडच उघडत नव्हती. आता वर्गात सगळ्यांत जास्त तिचीच बडबड असते.

"बाई, काम संपलं," तो म्हणाला. "आज दोन वाजता ट्रक आहे. मुलींचे दाखले द्या. तिकडची शाळा कागदाशिवाय घेत नाही."

माझा हात शिक्क्यावरच थांबला. आमच्याकडे कारकुनाची जागा तीन वर्षं रिकामी आहे, म्हणून दाखल्यांचं पुस्तक माझ्याच ताब्यात असतं. दाखल्याचं पान फाडलं की हजेरीपटावर त्या नावाला लाल रेघ. पानांवर छापील क्रमांक असतात आणि गणनेला येणारा अधिकारी आधी ते पुस्तक बघतो, त्यामुळे पुढची तारीख घालून पान गुपचूप द्यायची सोय नाही. एकशे बावन्नातून दोन गेल्या की एकशे पन्नास. ही वजाबाकी मी त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत केली होती, याची मला आजही लाज वाटते.

"उद्या नाही का जमणार?" मी विचारलं.

"ट्रक मुकादमाचा आहे, बाई. तो कुठे थांबतोय?" मग तो जरा घुटमळत म्हणाला, "मागच्या खेपेला मोठीचा कागद राहिला. तिचं एक वर्ष फुकट गेलं. म्हणून मी कालच रजा टाकली आणि सकाळी सकाळी आलो."

मोठीचं वर्ष कसं गेलं ते मला माहीत होतं. नऊ वर्षांची मुलगी आठ वर्षांच्या मुलांत मान खाली घालून बसायची. तिचा दाखला मी तिथल्या तिथे लिहिला. पान फाडलं, लाल रेघ मारली. राहिली एकशे एक्कावन्न. आणि मग माझ्या डोक्यात ते आलं, की एक चालेल. एकच तर थांबवायची आहे, तीही चार तास.

"अकरा वाजता साहेब येतायत," मी म्हणाले. "ते गेले की धाकटीचा लगेच देते. एकपर्यंत हातात पडेल. तोवर तिला वर्गात बसू दे, आज चित्रांची स्पर्धा आहे."

त्याने मान हलवली. त्याला कशाचीच शंका आली नाही. "तुम्हाला कळतंय बाई," एवढंच तो म्हणाला आणि सामान बांधायला गेला.

मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, साडेनऊला आले. मी त्यांना एकच दाखला दाखवला. दुसऱ्याचं काही बोलले नाही. त्यांनी सही केली आणि कपाळाला हात लावला. "म्हणजे काठावर आलो की, बाई. आता एक जरी पोर घरी राहिलं तरी खेळ खलास."

एक पोर घरी राहिलंच होतं. चौथीतला एक गालगुंड होऊन पडला होता. चौथीच्या बाईंनी त्याला रिक्षात घालून आणला, गाल रुमालाने बांधला आणि सगळ्यांपासून लांब खिडकीशी बसवला. मुलांच्या तब्येतीवर तावातावाने भाषण देणारी मी, त्या दिवशी त्या रुमालाकडे बघूनही न बघितल्यासारखं केलं.

अकरा वाजले, बारा वाजले. साहेबांचा पत्ता नाही. मोठे सर फाटकापर्यंत जाऊन परत यायचे, घड्याळ बघायचे, पाणी प्यायचे. वर्गात मात्र सत्तावीस जण खाली माना घालून रंगवत होते. खडूने कागदभर एकच घर काढलं होतं, खूप मजल्यांचं, आणि प्रत्येक मजल्यावर फरशीचे चौकोन. चित्राखाली तिने स्वतःचं नाव लिहिलं, पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय. मग माझी ओढणी ओढून म्हणाली, "बाई, ताईला कागद मिळाला. माझा?"

"मिळेल हं," मी म्हणाले.

सव्वा वाजला. सासूबाईंच्या गोळीची वेळ. मी शेजारणीला फोन लावला, तो लागेना. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. ट्रॅफिक, असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि मोजणी पाचवीपासून सुरू केली. त्यांची एक पद्धत होती. हातातली पेन्सिल प्रत्येक डोक्याला हलकेच टेकवायची आणि आकडा मोठ्याने म्हणायचा. भिंतीपलीकडून मला ते ऐकू येत होते. पाचवी झाली, चौथी झाली, खिडकीतला रुमालही मोजला गेला. तिसरी, दुसरी. माझ्या वर्गात ते शिरले तेव्हा पावणेदोन झाले होते. फाटकाबाहेर मोठी बहीण पिशवी घेऊन उभी असलेली मला दिसत होती.

"चोवीस, पंचवीस, सव्वीस," साहेब म्हणाले आणि थांबले. "पटावर सत्तावीस आहेत ना?"

खडूची जागा रिकामी होती. मी तिच्या नावाने जवळजवळ ओरडलेच. बाकाखालून ती बाहेर आली, खाली पडलेला रंग मुठीत धरून. साहेबांनी पेन्सिल तिच्या डोक्याला टेकवली. "सत्तावीस. एकूण एकशे एक्कावन्न. शाब्बास."

मोठ्या सरांनी माझ्याकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. माझ्याही जिवात जीव आला, खोटं कशाला बोलू. त्या क्षणी मला आनंद झाला होता.

मग मी साहेबांना म्हणाले, "दाखल्यांचं पुस्तक जरा द्या, एक पान लिहायचंय." ते तोवर पिशवीत गेलं होतं. "हे आज माझ्याकडे," ते म्हणाले. "यंदापासून पुस्तक कार्यालयात नेऊन पडताळायचं आहे. उद्या दुपारी शिपायाबरोबर पाठवतो." मी दोनदा विनवलं. तिसऱ्यांदा बोलायला गेले तर ते माझ्याकडे रोखून बघायला लागले. कशाचं पान, कुणाचं, असं विचारलं तर? मी मागे सरले.

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजत होता. खडूचा हात धरून मी फाटकापाशी गेले. फरशीवाला ट्रकवरून उडी मारून धावत आला आणि त्याने हात पुढे केला, कागदासाठी.

"पुस्तक साहेबांनी नेलं," मी म्हणाले. "पत्ता द्या, मी पोस्टाने पाठवते."

"पत्ता तिकडे पोचल्यावर कळेल, बाई. हा मुकादमाचा नंबर घ्या. पण तोवर तिची शाळा…"

"राहील हो चार-आठ दिवस घरी," मी म्हणाले. "पहिलीच तर आहे."

ते वाक्य माझ्या तोंडून गेलं. त्याने मान डोलावली, जणू बाई म्हणतायत म्हणजे खरंच असणार. खडू ट्रकमध्ये चढली. आपलं चित्र तिने गुंडाळी करून छातीशी धरलं होतं. ते स्पर्धेसाठी ठेवून घ्यायचं होतं, पण माझ्याने ते मागवलं नाही.

मी धावत घरी गेले. सासूबाई जाग्या होत्या, घामाघूम झाल्या होत्या, पण झटका आला नव्हता. "किती?" त्यांनी विचारलं. "एकशे एक्कावन्न," मी सांगितलं. त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि त्यांना रडू आलं. मला मात्र रडता येईना.

पुस्तक दुसऱ्या दिवशी परत आलं. मी खडूचा दाखला लिहिला आणि सरांची सही घेतली. मुकादमाचा नंबर आठ दिवस बंद लागत होता. नवव्या दिवशी लागला आणि संध्याकाळी फरशीवाल्याचा उलट फोन आला. मोठी शाळेत जायला लागली होती. "धाकटीची गंमत झाली, बाई," तो हसत हसत सांगत होता. "मोठीने कागद दिला ना, तर हिने आपलं चित्र पुढे केलं. म्हणते, शिक्का आहे, नाव आहे, घ्या. सगळे हसले. पण त्या लोकांनी घेतलं नाही तिला. असते खोलीवर, भांडी घासते, धाकट्या भावाला बघते."

मी पत्ता लिहून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी दाखला पाठवला. तीन आठवड्यांनी पाकीट परत आलं, वर शेरा होता, या पत्त्यावर राहत नाहीत. मुकादमाला विचारलं तर तो म्हणाला, फरशीवाले दुसऱ्याकडे गेले, कुणाकडे ते माहीत नाही. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत घरी जाता-येताना मी तो नंबर लावायची, उगाचच. पाकीट माझ्या कपाटात राहिलं. कपाट उघडायला नको, म्हणून मी खडूचा डबासुद्धा बाहेर टेबलावर ठेवायला लागले.

मग जानेवारीत शाळाबाह्य मुलांच्या पाहणीचा तक्ता आला. दरवर्षी येतो. शाळेत असायला हवी होती पण नाहीत अशी मुलं किती, कोण, कधीपासून आणि का. हेही काम कारकून नसल्यामुळे माझ्याकडेच.

"शून्य लिहा आणि द्या सहीला," मोठे सर म्हणाले. "दरवर्षी शून्यच असतं आपलं."

मी बसले. गेली तीन वर्षं मी ते शून्य मारलं होतं, एका मिनिटात. त्या दिवशी हात उठेना. मुलांची संख्या या रकान्यात मी एक लिहिलं. नाव लिहिलं. कधीपासून या रकान्यात गणनेची तारीख घातली. कारणाच्या रकान्यात चार पर्याय छापलेले होते, स्थलांतर, आजारपण, घरकाम, इतर. स्थलांतरावर खूण केली असती तर कुणीही ढुंकून बघितलं नसतं. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं, वडिलांनी गणनेच्या दिवशी सकाळी पावणेनऊला दाखला मागितला होता. पट एकशे पन्नास होईल म्हणून वर्गशिक्षिकेने दिला नाही. दाखला शाळेत पडून आहे. मूल जिथे असेल तिथल्या शाळेने दाखल्याची वाट न पाहता प्रवेश द्यावा, असं कार्यालयाने सगळीकडे कळवावं. खाली सही केली.

मोठ्या सरांनी ते वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

"बाई, याचा अर्थ कळतोय ना? ते गणना फिरवतील. या सहीने तुम्ही स्वतःची जागा घालवताय. आणि एवढं करून ती पोरगी सापडेलच असं नाही."

"नाहीच सापडणार कदाचित," मी म्हणाले. "पण तिचं नाव कुठल्या तरी कागदावर असू दे."

"शून्याचा तक्ता आणून देऊ दुसरा?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. ते वाईट नाहीत. त्यांना माझ्या सासूबाई माहीत आहेत.

"नको, सर. शिपाई आलाय, त्याच्याबरोबर जाऊ द्या."

त्यांनी सही केली. शिपायाने तक्ता घडी करून पिशवीत टाकला आणि सायकलवर टांग मारली. तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत मला त्याला हाक मारावीशी वाटत होती. मधल्या सुट्टीची घंटा झाली.

अकरा मिनिटांचा रस्ता मी त्या दिवशी सावकाश चालले. तो अजून किती दिवस माझा आहे, कुणास ठाऊक. कुलूप उघडलं, हात धुतले, ताट वाढून घेतलं. सासूबाईंना उशीला टेकवून बसवलं आणि पहिला घास त्यांच्या ओठांपाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं नाही. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे पन्नास," मी म्हणाले.